शिल्प हेही षट्कर्मांपैकी एक
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी प्रजेला शिकविलेल्या सहा कर्मांचे वर्णन आहे : असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. काळाच्या ओघात जैन समाजाने यांतील वाणिज्य आत्मसात केले, विद्येचाही आदर केला. परंतु शिल्प, म्हणजे हाताचे कौशल्य, मात्र दुय्यम मानले. आज घरोघरी पदवीधर तरुण आहेत, पण त्या सर्वांना सामावून घेण्याइतक्या ना नोकऱ्या आहेत, ना वडिलोपार्जित दुकानांच्या गाद्या.

या प्रश्नाचे एक उत्तर कार्यशाळेत आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून १९५० पासून कारागीर प्रशिक्षण दिले जाते. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटरचा दोन वर्षांचा. फिटरचे शिक्षण कानस चालविण्यापासून सुरू होते. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून घासायचा, गुण्या लावून पाहायचा आणि फटीतून उजेड दिसला, तर पुन्हा घासायचा. तेथे शिफारस चालत नाही. गुण्या सर्वांना सारखाच न्याय देतो. संयम, एकाग्रता आणि प्रामाणिकपणा यांचे असे संस्कार केवळ व्याख्यानांनी होत नाहीत.

शिकलेले कौशल्य पक्के होते ते कारखान्यात. त्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. उमेदवाराला विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेनुसार त्याचा काही भाग सरकारकडून मिळण्याची सोयही झाली. तरीही समाजातील किती कारखानदार समाजातीलच गरजू मुलाला ही संधी देतात, याचा विचार व्हावा.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. त्यांनी किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली आणि १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करून 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. श्रमाला कमीपणा नाही, हे त्यांनी कृतीने पटविले. त्यांच्या जयंतीला हार घालणारा समाज मुलीसाठी स्थळ पाहताना मात्र फिटरचे नाव ऐकताच पत्रिका बाजूला ठेवतो. ही विसंगती दूर झाल्याविना कोणतीही योजना तडीस जाणार नाही.

म्हणून विश्वस्तांना नम्र विनंती आहे. शिष्यवृत्ती केवळ पदवीच्या विद्यार्थ्यांपुरती न ठेवता प्रशिक्षणार्थींचे शुल्क, हत्यारांचा संच आणि वसतिगृहाचा खर्च यांसाठीही द्यावी. समाजातील प्रत्येक उद्योजकाने दरवर्षी किमान एक शिकाऊ उमेदवार घ्यावा. गुणवंतांच्या सत्कारात कुशल कारागिरालाही मानाचे स्थान मिळावे.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने धर्माने सांगितली. भुकेल्याला दिलेले अन्न एका वेळची भूक भागवते. हाताला दिलेले कौशल्य मात्र त्याला उद्या स्वतः दाता होण्याचे सामर्थ्य देते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर हा खर्च नव्हे. हे भांडवल आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टच्या खातेवहीत त्याचे पहिले पान उघडावे, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र!