थकलेले ताट
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी. उधारी हा माझ्या धंद्यातला रोजचा शब्द. परंतु उधारीची खरी झळ मला दुकानात नव्हे, खानावळीत समजली. १९७९ साली मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. वडिलांना धंद्यात खोट आली आणि दोन महिन्यांचे मेसचे बिल थकले. एके दिवशी थकबाकीदारांच्या यादीत माझे नाव फळ्यावर लागले. ताट कोणी नाकारले नव्हते. तरीही मी जाणे बंद केले. भूक सोसता येते, फळा सोसवत नाही. आठ दिवस चुरमुरे-फुटाण्यांवर काढले. नवव्या दिवशी मित्र सांगत आला, "तुझे नाव पुसले आहे." बिल कोणी भरले, हे मला आजतागायत कळलेले नाही.

कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही विकले. हा वारसा आपलाच आहे.

आज शासकीय व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दुपारचे जेवण मिळते. केंद्राची ही योजना १९९५ साली सुरू झाली. शिजवलेले अन्नच द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. परंतु पुढे शहरात खोली घेऊन शिकणाऱ्या मुलाचे काय? गावाकडे कांद्याचा भाव पडला की इकडे त्याचे मेसचे बिल थकते.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. याच व्यासपीठावरून मी विद्यार्थ्यांना धनादेश दिले, छायाचित्रे काढवून घेतली. एका मुलाने तेव्हा मान वर केली नाही. घरी गेल्यावर उमगले, तो फळा मीच पुन्हा लिहिला होता! अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने तर २०१७ साली कायदाच केला, की जेवणाचे पैसे थकले म्हणून शाळेत मुलाला लज्जित करावयाचे नाही. आपल्याला त्यासाठी कायदा कशाला हवा? गुप्तदानाची शिकवण आपल्या घरातच आहे.

म्हणून माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतील काही रक्कम थकलेल्या मेस-बिलांसाठी राखून ठेवावी. पैसे थेट खानावळचालकास द्यावेत. जात, धर्म विचारू नये. मुलाचे नाव एकाच विश्वस्ताला ठाऊक असावे. अहवालात केवळ संख्या छापावी. परतफेडीचा कागद लिहून घेऊ नये. तो मिळवता झाल्यावर दुसऱ्या कोणाचे तरी नाव पुसेल, एवढा भरवसा ठेवावा.

माझ्या खतावणीत १९७९ सालची ती रक्कम आजही येणे नसून देणे आहे. ज्यांचे देणे, ते सापडत नाहीत. तेव्हा ते कोणाला तरी फेडण्याची संधी आपण मला द्यावी, ही प्रार्थना.

जय जिनेंद्र!