रेड नदी आणि ४९ फुटांचा आकडा



पूर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आषाढ-श्रावण उभा राहतो. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असेही मुलूख आहेत की जेथे नदीचा कोप चैत्रात होतो, आणि त्याची सामग्री मार्गशीर्षापासूनच बर्फाच्या रूपाने शेताशेतांत साठत आलेली असते. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा या राज्यांची सीमा आखीत कॅनडात शिरणारी रेड नदी ही त्यांपैकीच एक. ती उत्तरवाहिनी आहे, आणि तिच्या साऱ्या खोडीचे मूळ यातच आहे. कारण दक्षिणेकडले बर्फ आधी वितळते, आणि ते पाणी खाली उतरते तेव्हा उत्तरेकडले पात्र पुष्कळदा गोठलेलेच असते. त्यातून हे खोरे म्हणजे एका प्राचीन हिमसरोवराचा तळ. मैलामागे फूटभरही उतार नसलेल्या त्या सपाटीवर काठ सोडलेले पाणी नुसते पसरत जाते, आणि खालची माती गोठलेली असल्यामुळे ते मुरतही नाही.

१९९६-९७ च्या हिवाळ्यात या खोऱ्यावर आठ हिमवादळे कोसळली. त्यांतले शेवटचे येण्यापूर्वीच, फेब्रुवारीत, सरकारी हवामान खात्याने या नदीकाठच्या ग्रँड फोर्क्स शहराला कळविले होते, की यापुढे पाऊस-बर्फ सरासरीइतका झाला तर नदी ४९ फुटांपर्यंत चढेल. या वाक्यातली अट कोणाच्या ध्यानात राहिली नाही, राहिला तो आकडा. आणि १९७९ चा पूर ४८.८ फुटांचा असल्यामुळे तो आकडा ओळखीचा, किंबहुना सुसह्य वाटला. वाळूची पोती रचून बांध सुमारे ५२ फुटांपर्यंत नेण्यात आले, आणि एवढा बंदोबस्त पुरेसा आहे अशी समजूत झाली. एप्रिलच्या प्रारंभी आठवे वादळ आधी पाऊस आणि मागून बर्फ घेऊन आले. १८ एप्रिलला बांध हरले. पाणी अखेरीस ५४ फुटांच्याही वर गेले आणि बहुतेक सारे शहर रिकामे करावे लागले. १९ एप्रिलला भर बाजारपेठेत आग लागून ११ इमारती जळाल्या. चहूकडे पाणीच पाणी, आणि बंबवाल्यांच्या नळीला मात्र दाब नाही. शेवटी हेलिकॉप्टरांतून पाणी ओतावे लागले.

खात्यावर तेव्हा पुष्कळ आगपाखड झाली. ती सर्वस्वी अन्यायाची नव्हती, कारण अंदाज चुकला तर तो किती फुटांनी चुकेल हे सांगण्याची जबाबदारी अंदाज करणाराचीच असते; परंतु एका आकड्याच्या भरवशावर शहर सोडणे हा दोष कारभाऱ्यांचाही होय.

याच नदीवर उत्तरेस विनिपेग आहे. १९५० च्या पुरात तेथील सुमारे एक लाख लोकांना घर सोडावे लागले. पुढे मॅनिटोबा प्रांताचे मुख्यमंत्री झालेले डफ रॉब्लिन यांनी शहराला वळसा घालणारा सुमारे ४७ किलोमीटरांचा कालवा खोदण्याची तजवीज केली. विरोधकांनी 'डफचा चर' म्हणून त्याची चेष्टा मांडली (पैसा लोकांचा असला म्हणजे विनोद सुचतोच). १९६८ साली तो पुरा झाला, आणि १९९७ मध्ये विनिपेग शहराचा मुख्य भाग कोरडा राहिला.

आपल्याकडे कृष्णा-पंचगंगेच्या काठीही पाण्याची पातळी फुटांतच जाहीर होते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरही सांगेल. पुढल्या पावसाळ्यात पुराचा अंदाज निघेल तेव्हा कारभाऱ्यांना नुसता आकडा विचारून थांबू नका. तो किती फुटांनी इकडेतिकडे होऊ शकेल हे विचारा, आणि बंदोबस्त त्यातल्या वरच्या फुटाला धरून करावयास लावा.