प्रवेशाची तारीख कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही

(बुद्धविहारातील पालकांच्या सभेत केलेले भाषण)



आज मला ज्या विषयावर बोलावयास सांगितले आहे, तो विषय चार लोकांत काढावयाचा नसून घरातल्या घरात दाबून ठेवावयाचा आहे, असे पुष्कळांना वाटते. नवरा-बायकोचे पटले नाही, कोर्टातून अगर पंचांसमक्ष फारकत झाली, मुले आईजवळ राहिली. पुढे मुलगी बारावी झाली आणि बापाने निरोप धाडला की माझा आता काही संबंध नाही. अशा वेळी त्या मुलीचे कॉलेज कसे व्हावयाचे? आपल्या वस्त्यांतून अशी घरे थोडी नाहीत. या सभेतही काही माताभगिनींनी मान खाली घातलेली मला येथून दिसते आहे. त्यांनी मान वर करावी. लाज वाटावयाची असेल तर ती दुसऱ्या कोणास वाटली पाहिजे.

मी स्वतः अशाच घरातला आहे. मी बारावी झालो ते साल १९९८. माझे वडील कायम नोकरीत होते आणि दुसरे घर मांडून त्यांना सात वर्षे झाली होती. आई अंगणवाडीत मदतनीस. माझ्या जातीच्या दाखल्यासाठी वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता आणि तो वडिलांच्या पेटीत होता. नातेवाईक म्हणाले, जाऊन मागून आण. आई म्हणाली, "त्या माणसाच्या दारात माझा मुलगा उभा राहणार नाही. त्याचा पैसा नको आणि कागदही नको." तिचा तो बाणा मला त्या वेळी फार थोर वाटला. त्या बाण्यापायी माझे एक वर्ष गेले. त्या वर्षी मी एका वकिलांच्या कचेरीत फायली उचलण्याचे काम केले, आणि तेथे मला समजले की वडिलांच्या पेटीला हात लावण्याची गरजच नव्हती. गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात ती नोंद होती. अर्ज केला, पंधरा दिवसांत उतारा हातात आला. आई आता हयात नाही. तिला दोष द्यावा म्हणून मी हे सांगत नाही. परंतु जी चूक आमच्या घरात झाली ती तुमच्या घरात होऊ नये, म्हणून सांगतो.

आपल्या समाजात स्वाभिमानाला मोठे मोल आहे आणि ते असलेच पाहिजे. पण "त्याचा एक पैसा नको" हे वाक्य जेव्हा आई बोलते, तेव्हा ती कोणाचा पैसा नाकारते याचा तिने विचार करावा. पोटगी दोन प्रकारची. एक पत्नीची, दुसरी मुलांची. पत्नीची पोटगी घ्यावी की न घ्यावी हा त्या स्त्रीच्या मर्जीचा प्रश्न आहे. मुलांची पोटगी आईची नव्हेच. ती मुलांची आहे. आपसांतील घटस्फोटाच्या वेळी घाईघाईने "आमचे काही देणेघेणे राहिले नाही" असे लिहून दिलेल्या कित्येक बहिणी मजकडे येतात आणि आता सर्व संपले असे समजतात. संपलेले नाही. आई स्वतःचा हक्क सोडू शकते; मुलाचा हक्क सोडून देण्याचा अधिकार तिला नाही. शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर लिहिलेल्या सोडचिठ्ठीची तीच गोष्ट. तिने नवरा-बायकोचे नाते कायद्याने तुटले की नाही हा वाद वेगळा, पण बाप-लेकरांचे नाते कोणत्याही कागदाने तुटत नाही.

नव्याने धम्मदीक्षा घेतलेली कुटुंबे मला एक प्रश्न हमखास विचारतात. आम्ही आता बौद्ध झालो, मग हिंदूंच्या नावाचा कायदा आम्हाला कसा लागू होईल? प्रश्न रास्त आहे. पण १९५५ चा विवाह कायदा आणि १९५६ चा दत्तक व निर्वाह कायदा हे दोन्ही बौद्धांना लागू आहेत, असे त्या कायद्यांतच लिहिलेले आहे. हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपण सर्व जाणता. त्या बिलाचे तुकडे होऊन पुढे जे कायदे झाले त्यांपैकी निर्वाहाचा हा कायदा २१ डिसेंबर १९५६ रोजी झाला; त्यांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा पंधराच दिवस झाले होते. या कायद्यात निर्वाह म्हणजे केवळ अन्नवस्त्र नव्हे. निवारा, औषधोपचार आणि शिक्षण ही त्यातच येतात. हे कर्तव्य माता आणि पिता या दोघांवरही आहे. म्हणून मुले बापाजवळ असतील आणि आई कमावती असेल तर तिनेही आपला वाटा नाकारू नये.

आता मुलगी आणि मुलगा यांत कायदा भेद करतो, तो नीट समजून घ्या. अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर जगू शकत नसेल तर अठरा वर्षांनंतरही ती या कायद्याखाली पित्याकडून निर्वाह मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की शिक्षणाचा खर्च आईबापांकडून मिळविणे हा मुलीचा कायदेशीर हक्क आहे आणि आईबापांच्या ऐपतीच्या मर्यादेत तो बजावून घेता येतो. मुलाचे तसे नाही. कायद्याची अक्षरे त्याला अठरा वर्षांपर्यंतच साथ देतात. २०२१ साली एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पित्याला मुलाच्या पदवीपर्यंत खर्च देण्यास सांगितले, अठरा वर्षे आजच्या काळात पुरेशी नाहीत असेही सुनावले. पण प्रत्येक कोर्ट तसेच करील अशा भरवशावर राहू नका. मुलगा अजून शाळेत असेल तर आजच हालचाल करा, आणि आपसांत तडजोड होत असेल तर "पहिली पदवी पूर्ण होईपर्यंतची फी, वसतिगृह व पुस्तके" हे शब्द तडजोडीच्या कागदात आजच घालून घ्या. त्याच कागदात आणखी एक वाक्य घाला: पित्याने जातीसंबंधीचे व शाळेचे दाखले मुलांना द्यावेत. वकील हे वाक्य सहसा विसरतात. मीही विसरत असे.

अल्पवयीन मुलांसाठी पोटगीचा अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. खटला चालू असतानाची अंतरिम पोटगी, समोरच्यास नोटीस मिळाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत ठरवावी असे कायदा म्हणतो. 'शक्यतो' या शब्दात पुष्कळ काही मावते, हे मी वकील असल्यामुळे जाणतो. २०२० च्या एका निर्णयानुसार दोन्ही पक्षांनी आपल्या मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे असते, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असाही दंडक आहे. म्हणून अर्ज लांबवू नका. ठरलेली रक्कम थकली तर थकल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा. जुनी बाकी मग या मार्गाने मिळत नाही. वकिलाला द्यावयास पैसे नाहीत, ही सबब येथे चालत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना, बालकांना आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते, तेथे जावे.

इतके सांगून झाल्यावर मी आता माझ्याच व्यवसायाविरुद्ध बोलतो. यांपैकी कशाचीही वाट पाहून मुलाचे कॉलेज थांबवू नका. कोर्टाची तारीख पुढे ढकलली जाते. प्रवेशाची तारीख ढकलली जात नाही. घरात दोन फायली ठेवा, एक कोर्टाची आणि एक प्रवेशाची, आणि प्रवेशाची फाइल अशी बांधा की बापाचा एक रुपयाही येणार नाही. आला तर त्याची पुस्तके घ्या.

कॉलेज पाहावयास जाल तेव्हा इमारत पाहू नका. पहिला प्रश्न हा विचारा: ही तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? पुष्कळ महाविद्यालयांत एकाच जिन्यावर दोन्ही तुकड्या असतात आणि त्यांच्या फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिली पसंती सरकारी व अनुदानित महाविद्यालयाला. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली आणि औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, मिलिंद महाविद्यालय १९५० साली निघाले ते फी भरू न शकणाऱ्या घरांतील मुले डोळ्यांपुढे ठेवूनच. व्यावसायिक शिक्षण खाजगी संस्थेत घ्यावयाचे असेल तर प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच घ्या. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला शिष्यवृत्ती मिळत नाही. "आधी प्रवेश घ्या, शिष्यवृत्तीचे पुढे पाहू" असे सांगणारा दलाल दारात आला तर त्याला चहादेखील देऊ नका.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याहून अधिक असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची माफी, असे अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. अर्ज महाडीबीटीवर करावा लागतो. पैसे विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. त्यांतील फीचा भाग कॉलेजचा आहे, घरभाड्याचा नव्हे, हे आईने आधीच मनाशी ठरवावे. राहण्यासाठी समाजकल्याणचे वसतिगृह. तेथे जागा मिळाली नाही तर बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तीतून वर्षाला साठ हजार रुपयांपर्यंत मदत होते. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' ही वाट पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून आजही चालू आहे. नोकरी करणे भागच असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. तेथील पदवी ही पदवीच आहे. कर्ज सर्वांत शेवटी, आणि तेही आधी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे विचारून.

या सर्वांच्या मुळाशी कागद आहेत आणि खरी अडचण तेथेच होते. अर्ज भरताना वडील हयात आहेत काय, असे विचारले जाते. हयात आहेत पण आमचे नाहीत, याला रकाना नसतो. मग कोणी शेजारी सुचवितो, "नाहीत" असे लिहून टाका. असे कदापि लिहू नका. संतापात ते गोड वाटते, पण ते खोटे निवेदन आहे आणि त्यापायी मुलीची मिळालेली शिष्यवृत्ती परत जाऊ शकते. खरे तेच लिहा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल, आईच्या नावाची स्वतंत्र शिधापत्रिका आणि मुले आपल्याजवळ राहतात असे आईचे प्रतिज्ञापत्र जोडा. पोटगी मिळत असेल तर ती दडवू नका. कारकून "बापालाच घेऊन या" म्हणाला तर भांडू नका; अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी नकार देणारा माणूस लेखी नकार देताना विचार करतो.

जातीच्या दाखल्याविषयी नवदीक्षित कुटुंबांना मी विशेष आग्रहाने सांगतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतील मनुष्य बौद्ध झाला तरी त्याच्या सवलती जात नाहीत. परंतु शाळेत नुसते 'बौद्ध' लिहिले असेल तर मूळ जातीचा पुरावा लागतो, आणि वैधता प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद विचारली जाते, ती बहुधा पित्याच्या घराण्यातली. जी जात आपण टाकली तिचे नाव पुन्हा कागदावर लिहावयाचे, याचा मुलांना राग येतो. मलाही येत असे. त्यांना सांगा की तो कागद आपली ओळख नाही, आपल्यावर झालेल्या अन्यायाची ती नोंद आहे आणि ती नोंद दाखविल्यावाचून भरपाई मिळत नाही.

बाप कागद देत नाही म्हणून हात टेकू नका. आजोबा ज्या शाळेत गेले त्या शाळेत अर्ज करा. तहसील कचेरीत जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी पाहा. चुलत्याजवळ वैधता प्रमाणपत्र असेल तर काम फारच सोपे होते. आणि आत्याला विसरू नका. भावकी बापाच्या बाजूने उभी राहिली तरी आत्या पुष्कळदा भाच्यांच्या बाजूने असते आणि तिच्या माहेरचे दाखले तिच्याजवळ असतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलीचे सारे प्रकरण आत्याच्या चौथीच्या दाखल्यावर उभे राहिले. ती मुलगी आज परिचारिका आहे. तिच्या पोटगीचा अर्ज अद्याप चालूच आहे.

वैधतेचे काम बारावीच्या निकालानंतर नव्हे, अकरावीतच सुरू करावे. ज्यांची मुले यंदा अकरावीत आहेत त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. मी व माझे दोन सहकारी अर्ज लिहून देऊ. पैसे लागणार नाहीत. मात्र मुलांच्या आजोबांचे पूर्ण नाव, त्यांचे गाव आणि ते कोणत्या शाळेत जात होते, एवढे घरी फोन करून विचारून ठेवा.