वॉरंटी नाकारली, तर?

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून स्टिरिओ आणून नव्या गाडीत बसवला आणि पुढे गिअर अडकू लागले. सर्व्हिस सेंटर म्हणतं, ‘बाहेरचं काम केलंत, वॉरंटी गेली.’ तिथं हुज्जत घालू नका. नकाराचं कारण लेखी मागा, जॉबकार्डाची प्रत घ्या. स्टिरिओच्या वायरीमुळे गिअरबॉक्स कसा बिघडला, हे त्यांनी सांगायला हवं. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं, कंपनी कुठलीही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. सामान्य माणसाला हा फार मोठा आधार आहे. आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची. कागद आजच एकत्र करा.