चिनी व्यवहार परक्यांना सांगतांना

आपल्याकडे अब्रू जाते तेव्हां नाक कापलें जातें. चिनी माणसाची अब्रू सबंध चेहऱ्यांत असते. आणि त्यांतही दोन चेहरे! १९४४ सालीं हू श्येन-चिन या विदुषीनें ‘अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिस्ट’ या नियतकालिकांत इंग्रजींत लेख लिहून ते वेगळे करून दाखविले. ‘म्येन्त्झ’ म्हणजे कर्तबगारीनें व थाटामाटानें मिळविलेला मान, तर ‘ल्येन’ म्हणजे सचोटीबद्दल समाजानें दिलेली पत. पहिला कमी झाला तरी निभावतें. दुसरी गेली कीं चारचौघांत उभें राहणें कठीण. इंग्रजींत दोहोंना शब्द एकच, ‘फेस’. कारखान्यांतील चिनी वरिष्ठ हाताखालच्या माणसाला सर्वांदेखत रागावण्यास कां कचरतो, हें परदेशी नियतकालिकांत ज्याला लिहावयाचें आहे, त्याची अडचण येथूनच सुरू होते. शब्दाचें भाषांतर करावें तर अर्थ सांडतो. तसाच ठेवावा तर संपादक विचारतो, आमच्या वाचकांना याचें काय?

हें नुसतें शब्दांचें दुखणें नव्हे. फेइ श्याओतुंग यांनीं लंडनला मॅलिनॉव्स्की यांच्या हाताखालीं अभ्यास केला, आणि चिनी खेड्यावरील त्यांच्या १९३९ सालच्या इंग्रजी पुस्तकानें पश्चिमेंत त्यांचें नांव झालें. पुढील दशकांत स्वभाषेंत त्यांनीं जें लिहिलें तें मात्र अधिक मूलगामी होतें. पाश्चात्य समाज त्यांच्या मतें पेंढ्या बांधून ठेवल्यासारखा: कोण कोणत्या पेंढींत, तें ठरलेलें. चिनी समाज पाण्यांत खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारखा. मध्यें स्वतः माणूस, मग घरचे, भाऊबंद, गांवकरी. वलय दूर जाईल तसतसें कर्तव्य पातळ होत जातें. आपले कोठें संपले नि परके कोठें सुरू झाले, ती रेघ प्रसंग पाहून सरकते. चिनी पेढी कशी चालते हें समजण्यास याहून चांगली किल्ली सांपडणें अवघड. पण तें पुस्तक इंग्रजींत यावयास १९९२ साल उजाडलें! मध्यंतरीं खुद्द चीनमध्येंच समाजशास्त्राचें अध्यापन १९५२ च्या सुमारास बंद पडून १९७९ मध्यें पुन्हा सुरू झालें, हेंही खरें.

क्वचित् उलट दिशेचा प्रयत्नही फळला. हॉफस्टीड यांनीं आय. बी. एम. कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील नोकरांना प्रश्न विचारून संस्कृतींचीं मापें ठरविलीं होतीं. प्रश्न अर्थात् पाश्चात्यांचे. हाँगकाँगच्या मायकेल बाँड यांनीं चिनी विद्वानांनाच मोलाचे गुण विचारले, त्यांची प्रश्नावली केली व ती २२ देशांतील विद्यार्थ्यांपुढें ठेविली. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत चिकाटी, काटकसर, लाज, नात्यांतील पायरी यांचें एक असें माप निघालें, कीं जें जुन्या चाळणींतून निसटलें होतें. हॉफस्टीड यांनीं तें पुढें आपल्या यादींत पांचवें म्हणून घेतलें.

सर्वांत गाजलेला शब्द ‘ग्वान्शी’. श्रोत्यांना चटकन् ‘वशिला’ आठवेल, पण वशिल्याला लबाडीचा वास असतो. ग्वान्शींत ऋणानुबंध आणि उपकाराची जाणही आहे. १९९६ सालीं कॅथरीन शिन व जोन पियर्स यांनीं ‘अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नल’मध्यें दाखविलें, कीं चीनमधील खाजगी कंपन्यांचे चालक सरकारी कंपन्यांच्या चालकांपेक्षां ग्वान्शीवर अधिक विसंबतात, कारण कायद्याचा आधार त्यांना तोकडा पडतो. युक्तिवाद असा कीं कोणत्याही देशाच्या वाचकाला पटावा. लेख गाजला यांत नवल नाहीं. मात्र त्याची किंमत पडली. ग्वान्शी ठरली कायद्याच्या जागीं लावलेलें ठिगळ. म्हणजे कायदा आला कीं ती जावयाची. फेइंच्या वलयांत तसें कांहीं नाहीं. तेथें नातें कशाची उणीव भरून काढण्यासाठीं नसतें.

हा पेंच चिनी विद्वानांना पुरता ठाऊक आहे. ॲन त्सुई यांच्या पुढाकारानें २००२ मध्यें चिनी व्यवस्थापनाच्या संशोधनासाठीं एक आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, व २००५ पासून तिचें इंग्रजी नियतकालिक. स्थानिक प्रश्नांतून उगवणाऱ्या संशोधनाचा त्यांनीं २००४ सालच्या लेखांत जोरदार पुरस्कार केला. तरी विद्यापीठांतून बढतीचा कांटा परदेशी लेखांकडेच झुकत राहिला. तरुण प्राध्यापकानें करावें काय? फेब्रुवारी २०२० मध्यें चिनी सरकारनें विद्यापीठांस बजावलें, कीं परदेशी सूचींतील लेखांची नुसती मोजदाद करून माणसांची लायकी ठरवूं नये. स्वभाषेंत लिहिणाऱ्याला त्यामुळें थोडी मोकळीक मिळाली. पण त्याचें लेखनही फेइंच्या लेखनाप्रमाणें ४० वर्षांहून अधिक काळ बाहेर ताटकळत राहील कीं काय, ही धास्ती त्या फर्मानानें गेलेली नाहीं.