गाईच्या पोटातील अदृश्य गडी

(दूध उत्पादकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



लग्नसराईत किंवा चतुर्थीच्या दिवसांत पंगत उठली की उरलेला भात गोठ्यात जातो. अन्न वाया न जाता गाईच्या मुखी पडावे, ही त्यामागील भावना चांगलीच आहे. परंतु तीच गाय दुसऱ्या दिवशी रवंथ सोडून, मान टाकून बसलेली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. असे का घडते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

गाय चारा खाते. पण चाऱ्यातील तंतू पचविणारा पाचक रस तिचे शरीर निर्माण करीत नाही. ते काम तिच्या कोठीपोटातील असंख्य सूक्ष्म जीवाणू करतात. ते चारा आंबवून त्यापासून मेदाम्ले तयार करतात. गाईला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के ऊर्जा या आम्लांतूनच मिळते. ब गटातील जीवनसत्त्वेही हेच जीवाणू पुरवितात आणि शेवटी पुढील पोटात स्वतः पचून तिला प्रथिने देतात. म्हणजे आपण चारा घालतो तो प्रथम या गड्यांना!

भात, पीठ किंवा धान्य एकदम पुष्कळ पोटात गेले, म्हणजे पिष्टावर वाढणारे जीवाणू माजतात व दुग्धाम्ल साचते. त्या आम्लाने तंतू पचविणारे जीवाणू मरतात, अंगातील पाणी पोटात ओढले जाते आणि वेळीच उपचार न झाल्यास जनावर दगावते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यांस बोलवावे. ते कधी कधी निरोगी जनावराच्या कोठीपोटातील रस आजारी जनावरास पाजतात. ते एक प्रकारचे विरजणच होय.

माणसाच्या मोठ्या आतड्यातही असेच जीवाणू नांदतात. भाजी, कडधान्ये व कोंडा यांतील तंतू आंबवून ते आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात. प्रतिजैविक औषधांनी रोगजंतूंबरोबर हे उपकारक जीवाणूही मरतात व पुष्कळदा जुलाब लागतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती औषधे घेऊ नयेत.

तेव्हा गुरांचा खुराक बदलणे झाल्यास १० ते १५ दिवसांत थोडा थोडा बदलावा, सुका चारा कधीही तोडू नये आणि पंगतीतील उरलेले अन्न खताच्या खड्ड्यात टाकावे. तेथेही जीवाणूच त्याचे सोने करतील, आणि आपली गाय वाचेल.

जय हिंद.