पुस्तक ही जडवस्तू नव्हे

(प्राथमिक शिक्षकांच्या शिबिरात केलेले भाषण)



जिल्हा परिषदेच्या शाळांतील ग्रंथालय आणि नवे तंत्रज्ञान या विषयावर बोलण्यास आपण मला पाचारण केलेत. गेल्या दहा-बारा वर्षांत या दोहोंपैकी दुसऱ्याचीच चर्चा अधिक झाली, आणि त्याचे कारण उघड आहे. भिंतीवरच्या पडद्याचे उद्घाटन करता येते, छायाचित्र निघते. गोष्टींच्या चाळीस पुस्तकांसाठी फीत कापायला तालुक्याहूनदेखील कोणी येत नाही. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर गावोगाव ‘डिजिटल शाळा’ उभ्या राहिल्या. त्यांतील पुष्कळशा गावकऱ्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिल्या, हे मी मुद्दाम सांगतो. शेतमजुराने मुलांच्या शाळेसाठी पदरचे पैसे दिले हे त्याला भूषणावह आहे. शासनाला ते खचितच नाही.

ग्रंथालयाविषयी कायदा निःसंदिग्ध आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तेथे वृत्तपत्र, नियतकालिके आणि सर्व विषयांची, गोष्टींचीसुद्धा, पुस्तके असावीत असे म्हटले आहे. २०१८ साली समग्र शिक्षा योजना आली आणि तिच्यात सरकारी शाळांसाठी ५,००० ते २०,००० रुपयांच्या ग्रंथालय अनुदानाची तरतूद झाली. म्हणजे पुस्तके येतात, थोडीफार का होईना. मग ती मुलांच्या हाती का पडत नाहीत?

उत्तर येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शाळेतील खुर्ची, घंटा, नकाशा यांची नोंद ज्या वहीत होते तिला आपण डेडस्टॉक रजिस्टर म्हणतो. सरकारी मराठीत जडवस्तू संग्रह नोंदवही. पुस्तकांची वही वेगळी असली तरी तिच्यामागची वृत्ती तीच. तपासणीला आलेला अधिकारी पुस्तके मोजतो. किती मुलांनी वाचली हे क्वचितच विचारतो. एखादे पुस्तक कमी भरले तर पदभार देताना मुख्याध्यापकाच्या खिशाला चाट. तेव्हा शहाणा मुख्याध्यापक काय करील? कुलूप लावील. एका शाळेत मी असे कपाट उघडायला लावले, तो पावसाळ्याच्या ओलीने पाने एकमेकांना चिकटलेली. संख्या मात्र अचूक भरली! वस्तुतः चौथीतल्या मुलीने घरी नेऊन फाडून आणलेले पुस्तक हे शाळेचे यश मानले पाहिजे, आणि ते निर्लेखित करण्याचा अधिकार शाळेलाच दिला पाहिजे.

पडद्याची कथा याहून निराळी नाही. यंत्र बिघडले तर दुरुस्ती कोणी करावी, विजेचे बिल कोठून भरावे, हे उद्घाटनाच्या दिवशी कोणी बोलत नाही. केरळने मात्र या बाजूचा विचार केला. तेथे २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ हा शासकीय प्रकल्प सुरू झाला. २०१७ मध्ये त्याचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. शिक्षकांतूनच प्रशिक्षक घडवले, परवान्याचे पैसे न पडणारी मुक्त संगणक-प्रणाली शाळांत आणली, आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ मंडळांतून मुलांनाच यंत्रांची माहिती व हाताळणी शिकवली. त्याच राज्यात पी. एन. पणिक्करांनी १९४५ पासून ग्रंथालयांची संघटना बांधली होती. वाचनाची सवय तेथे संगणकाच्या फार आधी रुजली, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडेही सामग्री आहे. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक १९७१ साली निघाले. त्याचे जुने अंक आज संगणकावर विनामूल्य वाचता येतात. शहरातल्या श्रीमंत शाळेत मिळणार नाही असा ठेवा पाड्यावरच्या मुलांपुढे उघडू शकतो. पण तो उघडून द्यायला माणूस लागते. प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचे पदच नाही. माध्यमिक शाळेत ते पटसंख्येवर टांगलेले. दोन शिक्षकांनी चार वर्ग, पोषण आहार, निवडणुकीची कामे आणि रोजची ऑनलाइन माहिती सांभाळून हे करावे, अशी अपेक्षा आहे. (ती माहिती भरण्यासाठी फोन पुन्हा शिक्षकाचाच!) २०२० च्या टाळेबंदीत ज्या घरी एकच फोन होता आणि तो बापाबरोबर कामावर जात होता, त्या घरातील मुलाची शाळा बंदच राहिली. त्या दिवसांत दारोदार पुस्तके पोचवणारे शिक्षक निघाले, तेही सरकारी आदेशाची वाट न पाहता.

म्हणून माझी मागणी अशी: प्रत्येक केंद्रशाळेवर एक पूर्णवेळ ग्रंथपाल नेमावा. त्याने केंद्रातील शाळांतून पुस्तकांच्या पेट्या फिरवाव्यात आणि पडद्याचा उपयोग वाचनासाठी कसा करावा तेही दाखवावे. ही कल्पना काही क्रांतिकारक नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले आणि त्या संस्थानातील खेड्यांत फिरत्या पेट्या पोचल्या. एका संस्थानाला जे साधले ते प्रजासत्ताकाला साधू नये काय?

पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. १८८२ साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता: सारा रयत भरते, शिक्षण वरच्या वर्गांच्या वाट्याला जाते. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकी सभेपूर्वी आपण मागणीपत्र देणार आहोत. आपल्या शाळेतील कपाटाची किल्ली कोणाकडे असते, यंत्र केव्हापासून बंद आहे आणि गेल्या वर्षी किती पुस्तके मुलांच्या घरी गेली, एवढे प्रत्येकाने एका कागदावर लिहून आणावे. ते कागद मागणीपत्राला जोडायचे आहेत.